विश्लेषण : गावाची लाइन एक, वापरणारे अनेक, स्विचवर वेगमर्यादा कशी लावतात?

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली (ता. शहादा) येथे दिला गेला. त्यानंतर रेशन, पेन्शन, बँकेतले पैसे अशा कितीतरी कामांना अंगठा लागू लागला. अंगठ्याच्या पडताळणीला डेटा अगदी थोडा लागतो. पण तेवढाच अडकला, तर सातपुड्यातल्या पाड्यावरून पायपीट करून आलेल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे ऐकावे लागते. प्रत्येक वेळी दोष सर्व्हरचाच असतो असे नाही. कधी कधी दाटी गावातल्याच लाइनवर असते.

दाटी कुठे होते?

ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेत प्रत्येक ग्रामपंचायतीला १०० एमबीपीएसची जोडणी देण्याचे उद्दिष्ट होते. समजा, अशी लाइन एका स्विचमधून सेवा केंद्र, शाळा, उपकेंद्र आणि सार्वजनिक वायफाय यांना वाटली आहे. वायफायवरच्या चार मोबाइलनी एकदम मोठे अपडेट घ्यायला सुरुवात केली की लाइन भरते. साधा, सेटिंग नसलेला स्विच आले ते पुढे ढकलतो. अंगठा कोणता आणि सिनेमा कोणता, हे त्याला कळत नाही.

खानदेशाला ही अडचण नवी नाही. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत पाणी कोणाला कधी सोडायचे हे पाटकरी पाहतो. स्विचला पाटकरी करायचे तर तो ‘मॅनेज्ड’ प्रकारचा हवा.

मर्यादा लावतात म्हणजे काय करतात?

स्विच मनातल्या मनात एक बादली ठेवतो. तिच्यात ठरलेल्या वेगाने टोकन पडतात, आणि जितके टोकन शिल्लक तितकाच डेटा जातो. टोकन संपले की जादा पॅकेट टाकून दिले जाते. याला पोलिसिंग म्हणतात. टाकून न देता रांगेत थांबवले तर ते शेपिंग.

गल्लत होते ती बादलीच्या आकारात, म्हणजे ‘बर्स्ट’मध्ये. वेग २० एमबीपीएस लिहिला आणि बादली वाटीएवढी ठेवली, तर पॅकेट वारंवार गळतात. डेटा पाठवणारा सर्व्हर दरवेळी वेग कमी करतो आणि प्रत्यक्षात २० च्या बरेच खाली मिळते. मग शिव्या कंपनीला. रूढ ठोकताळा दीड सेकंदाच्या डेटाचा आहे : २० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २५ लाख बाइट, म्हणून बर्स्ट साडेसदतीस लाख बाइट. स्विच तेवढे स्वीकारत नसेल, तर त्याला चालेल ते सर्वांत मोठे माप द्यावे.

दुसरा सापळा टक्क्यांचा. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६० मालिकेत बाहेर जाणाऱ्या वाहतुकीची मर्यादा १० ते ९० टक्के अशी द्यावी लागते, आणि ती पोर्टच्या जुळलेल्या वेगाची असते, लाइनच्या वेगाची नव्हे. पोर्ट १०० एमबीपीएसवर जुळला असेल तर २० टक्के म्हणजे २०. तोच १ जीबीपीएसवर जुळला तर २००, म्हणजे लाइनच्या दुप्पट! मर्यादा कागदावर असते, प्रत्यक्षात काहीच अडत नाही.

दिशाही स्विचच्या बाजूने मोजायची. वायफायच्या पोर्टवर ‘इनपुट’ म्हणजे लोकांचे अपलोड, ‘आउटपुट’ म्हणजे डाउनलोड. फक्त इनपुट बांधले तर व्हिडिओ आधीसारखेच धावतात.

सगळ्यांना सारखेच बांधावे का?

सगळे पोर्ट २५-२५ वर बांधणे सोपे आहे, पण आळशीपणाचे. शाळा बंद असताना तिचा वाटा पडून राहतो. मर्यादा वायफायला लावावी, सेवा केंद्राला मोकळे ठेवून प्राधान्य द्यावे. एक मात्र खरे : डाउनलोडचा डेटा स्विचपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याने बाहेरची लाइन आधीच वापरलेली असते. पाठवणारा मंदावतो म्हणून उपाय लागू पडतो, आणि त्याला काही क्षण जातात. सेवा देणाऱ्या कंपनीच्या टोकालाच मर्यादा लावून मिळाली, तर ती अधिक चांगली.

सेटिंग बरोबर आहे का, हे घड्याळ लावून कळते. २० एमबीपीएसच्या मर्यादेत १०० एमबीची फाइल साधारण ४० सेकंदांत उतरायला हवी. दहा सेकंदांत उतरली तर मर्यादा लागलेलीच नाही. दोन मिनिटे लागली तर आधी बर्स्ट तपासावा.