किनारी मैदानांतील गाळाचे कालमापन

किनारी मैदानांतील गाळ हा प्राचीन हवामान व समुद्रपातळी यांच्या अभ्यासाचा महत्त्वाचा पुरावा आहे. नद्या, लाटा, भरती-ओहोटी व वारा यांनी हा गाळ थराथरांनी साचवलेला असतो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, अखेरच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. हिम वितळून ती चढत गेली व सुमारे ७,००० वर्षांपूर्वी ही वाढ मंदावली.

कालमापन

सेंद्रिय अवशेषांसाठी मुख्यतः कार्बन-१४ पद्धत वापरतात. या समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे ५,७३० वर्षे असून पद्धतीची मर्यादा सुमारे ५०,००० वर्षे आहे. सागरी शिंपले मात्र फसवे ठरतात. समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन मिसळलेला असल्याने त्यांचे वय सरासरी सुमारे ४०० वर्षांनी अधिक येते, आणि ही तफावत प्रत्येक किनाऱ्यावर निराळी असते. शिवाय लाटा जुने शिंपले उकरून नव्या थरात आणून टाकतात. त्यामुळे शिंपल्यांचे वय दुरुस्तीविना दिलेले असल्यास ते जपूनच वाचावे. जागच्या जागी मुळे धरून राहिलेल्या वनस्पतींचे अवशेष अधिक विश्वसनीय असतात.

वाळूच्या टेकड्यांत सेंद्रिय द्रव्य क्वचितच मिळते. तेथे क्वार्ट्‌झच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला, हे प्रकाशोद्दीपित दीप्तीच्या साहाय्याने मोजतात. गढूळ पुरातून वाहत आलेल्या कणांना पुरेसे ऊन न मिळाल्यास त्यांचे वय वाजवीपेक्षा जास्त निघते.

हवामानाचा पुरावा

परागकणांवरून वनस्पतींचा, तर फोरॅमिनिफेरा या सूक्ष्मजीवांच्या कवचांवरून पाण्याच्या खारटपणाचा अंदाज येतो. तथापि तिवरांचे पराग कमी झाले म्हणून पाऊस घटला, असे लगेच म्हणता येत नाही; किनारा समुद्राकडे सरकल्यानेही कांदळवन त्या जागेपासून दूर जाते. म्हणून एकाच गाभ्यातील अनेक निदर्शक एकत्र तपासावे लागतात.

मुंबईतील बुडालेले अरण्य

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या प्रिन्सेस डॉकच्या खोदकामात चिखलाखाली खैराचे अनेक बुंधे सापडले. त्यांपैकी कित्येक उभेच होते. खैर हा खाऱ्या चिखलात वाढणारा वृक्ष नाही. अर्थात ही जमीन पूर्वी भरतीरेषेच्या वर होती. लाकडाचे वय मिळाल्यास समुद्र तेथे त्यानंतर आला एवढे सिद्ध होते. त्यातही खोडाच्या गाभ्याचे लाकूड बाहेरच्या कड्यांहून जुने असल्याने नमुना कोठून घेतला हे पाहावे लागते. पाणी चढले की जमीन खचली, हा प्रश्न मात्र केवळ या बुंध्यांवरून सुटत नाही. त्यासाठी त्याच काळातील थर किनाऱ्यावर इतरत्र किती खोलीवर आहेत, याची तुलना आवश्यक असते.