कोनशिला बसली, लेक्चर कधी?

आपल्या भागाला नवं विद्यापीठ मिळणार अशी बातमी आली की काय होतं? नेते येतात, कोनशिला बसते, फोटो छापून येतात. आणि मग? सेनेगलमधल्या सानार गावाजवळच्या माळावर या ‘आणि मग?’चं उत्तर यायला पंधरा वर्षं लागली.

सानारला जायचं तर आधी राजधानी डकारहून सेंट लुईस गाठायचं. अंतर साधारण २६० किलोमीटर. वाहन म्हणजे ‘सेत-प्लास’. शब्दाचा अर्थच ‘सात सीटा’. जुनी प्यूजो गाडी, आणि सात माणसं भरल्याशिवाय ड्रायव्हर स्टार्टर मारत नाही. थोडक्यात, तिकडचं वडाप! सेंट लुईस हे सेनेगल नदीच्या मुखाशी वसलेलं शहर. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला अटलांटिक, मध्ये वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर गेत न्दार ही कोळ्यांची दाटीवाटीची वस्ती. रंगवलेल्या लांबलचक होड्या, मासळी सुकवणाऱ्या बायका आणि दुपारी मासे-भाताचं ‘चेबू जेन’. तिथून रोसोच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात सानार येतं.

एकेकाळी सेंट लुईस ही सेनेगलची राजधानी होती. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तो मान डकारला गेला. देशातलं एकमेव विद्यापीठही डकारलाच. तिथे १९६८ साली विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ठिणगी कशाची? स्कॉलरशिपला लावलेल्या कात्रीची. आंदोलन एवढं पेटलं की विद्यापीठच बंद करावं लागलं. सगळे विद्यार्थी एकाच शहरात नकोत, दुसरं विद्यापीठ हवं, हा विचार त्यानंतर बळावला. १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिओपोल्ड सेंघोर यांनी सानारला पायाभरणी केली. पण पैशांची चणचण आली आणि काम रखडलं. दरम्यान सेंघोर पायउतारही झाले. अखेर डिसेंबर १९९० मध्ये वर्ग भरले, तेव्हा विद्यार्थी होते फक्त सहाशेच्या आसपास. म्हणजे पायाभरणीच्या वर्षी जन्मलेलं मूल तोवर पंधरा वर्षांचं झालं होतं!

पुढे या विद्यापीठाला सेंट लुईसमध्ये जन्मलेले तत्त्वज्ञ गास्तों बर्जे यांचं नाव मिळालं. पण पोरांच्या तोंडी अजूनही ‘सानार’च. इथे शिकलेले स्वतःला ‘सानारवा’ म्हणवतात. गंमत म्हणजे होस्टेलच्या इमारतींच्या समूहांनाही ‘व्हिलेज’ म्हणतात. गावाशेजारी आणखी गावं!

पण गावाला यातून काय मिळालं? सुरुवातीचे विभाग चारच. भाषा आणि मानव्यविद्या, कायदा-राज्यशास्त्र, अर्थशास्त्र-व्यवस्थापन, गणित-कम्प्युटर. सगळे महत्त्वाचे. पण आजूबाजूला नदीच्या पाण्यावरची भातशेती आणि समोर मासेमारी असताना शेती आणि मासळी मात्र अभ्यासक्रमात नाही! शेती, मत्स्यपालन आणि अन्नप्रक्रियेचा विभाग तिथे खूप वर्षांनी आला. त्याची गरज किती, हे त्या किनाऱ्याकडे पाहिलं की कळतं. २००३ साली शहराला पुरापासून वाचवायला वाळूच्या पट्टीत जेमतेम चार मीटरची चर खणली. समुद्रानं ती किलोमीटरभराहून रुंद केली आणि दून बाबा दिये नावाचं अख्खं गाव गिळलं. अशा ठिकाणी पाण्याचं, वाळूचं, मासळीचं शास्त्र शिकलेली स्थानिक मुलं असणं ही चैन नाही.

शिवाय विद्यापीठ उघडलं म्हणजे प्रश्न संपले असंही नाही. मे २०१८ मध्ये स्कॉलरशिप थकली, म्हणून सानारच्या विद्यार्थ्यांनी मेसमध्ये तिकिटाशिवाय जेवायचं ठरवलं. पोलिसी कारवाईत एका विद्यार्थ्याचा जीव गेला. देशभर संताप उसळल्यावर सरकारनं स्कॉलरशिप वाढवली आणि मेसच्या तिकिटाचे दर उतरवले. १९६८ची ठिणगी आणि २०१८ची ठिणगी, मध्ये पन्नास वर्षं; मुद्दा तोच, हातात वेळेवर न पडणारे पैसे.

सेनेगलमध्ये त्यानंतर तीएस, बांबे, झिगिंशोर अशा ठिकाणीही विद्यापीठं आली. आणखी गावं रांगेत असतीलच. आपल्याकडेही तालुक्यात नवं कॉलेज, नवं उपकेंद्र जाहीर होत असतं. अशा वेळी कोनशिलेच्या फोटोला लाइक जरूर द्या, पण तीन गोष्टी विचारा. पहिलं लेक्चर कधी? इथल्या शेताचं, पाण्याचं, धंद्याचं काही शिकवणार का? आणि शेजारच्या गावातल्या मुलीला प्रवेश, फी आणि मेस परवडेल का? उत्तरं तारखांत आणि आकड्यांत मागा. नाहीतर माळावर दगड तेवढा उभा राहतो, आणि त्याच्या सावलीत शेळ्या.