टिंबांचे क्रमांक आणि अक्षरांचा अर्थ

लुई ब्रेल हा पॅरिसच्या अंधशाळेतील विद्यार्थी. १८२४ साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याने उठावाच्या टिंबांची आपली लिपी सिद्ध केली आणि १८२९ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ही लिपी कागदावर टोच्याने उमटते आणि बोटांनी वाचली जाते. संगणकाला मात्र केवळ अंक कळतात. मग ही टिंबे त्याच्या स्मरणात राहतात तरी कशी?

प्रथम टिंबांची मांडणी ध्यानी घेतली पाहिजे. एका अक्षराच्या जागेत दोन उभ्या रांगा असतात. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. प्रत्येक टिंब उठलेले असते किंवा नसते. म्हणून कोरी जागा धरून ६४ आकृती होतात. पुढे तळाशी ७ व ८ ही टिंबे जोडण्यात आली आणि आकृतींची संख्या २५६ झाली.

जगातील लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची योजना आहे. १९९९ साली तिच्या तिसऱ्या आवृत्तीत या २५६ आकृतींना १०२४० ते १०४९५ हे क्रमांक मिळाले. ते वाटेल तसे दिलेले नाहीत. आठ टिंबांची मोले अनुक्रमे १, २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ अशी आहेत. उठलेल्या टिंबांच्या मोलांची बेरीज १०२४० मध्ये मिळवली की क्रमांक तयार होतो. टिंब १ आणि ३ उठलेले असतील, तर १ व ४ मिळून ५. म्हणजे क्रमांक १०२४५. कोणत्याही दोन आकृतींची बेरीज सारखी येत नाही, त्यामुळे क्रमांकावरून टिंबेही बिनचूक ओळखता येतात.

परंतु या १०२४५ चा अर्थ काय? भारतीय भाषांसाठी ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये तो 'क' आहे. इंग्रजीत तो 'के' आहे; आणि इंग्रजीच्या संक्षिप्त ब्रेलमध्ये तीच आकृती एकटी आली, तर 'नॉलेज' हा संपूर्ण शब्द होतो. तात्पर्य, हा क्रमांक टिंबांचा आहे, अक्षराचा नव्हे. नुसती उभी रेघ काना आहे की दंड, हे रेघ सांगत नाही. शेजारची अक्षरे सांगतात. तसेच हे आहे.

म्हणूनच मराठी पुस्तक नुसत्या टिंबांच्या क्रमांकांत साठवणे पुरेसे नाही. त्यावरून ब्रेल छपाई होईल. परंतु मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेला तो मराठी आहे हे कळणार नाही, आणि एखादा शब्द देवनागरीत लिहून शोधू गेल्यास सापडणार नाही. शहाणपणाची रीत अशी की, मूळ मजकूर देवनागरीच्या क्रमांकांत ठेवावा आणि गरजेप्रमाणे त्याचे ब्रेल करावे. हे रूपांतर अक्षराला अक्षर ठेवून होत नाही. 'भक्ती' या शब्दात देवनागरीचा संगणकीय हलन्त 'क'च्या नंतर येतो, तर भारती ब्रेलमध्ये तो 'क'च्या आधी लिहितात. असे नियम रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीत घालावे लागतात. टिंबांचे क्रमांकही निरुपयोगी नाहीत. डोळस शिक्षकाला व पालकाला पडद्यावर टिंबे पाहून मुलाचा धडा तपासता येतो, तो त्यांच्याचमुळे.

येथेच एक अडचण ध्यानात येते. अनेक मराठी पुस्तके जुन्या पद्धतीच्या टंकांत जुळवलेली आहेत. तेथे पडद्यावर 'क' दिसतो, पण आत क्रमांक एखाद्या रोमन अक्षराचा किंवा भलत्याच चिन्हाचा असतो. डोळस वाचकाला फरक जाणवत नाही. अंध विद्यार्थ्याच्या बोटांखाली मात्र निरर्थक टिंबे येतात. पुस्तक युनिकोडमध्ये जुळवण्याची काळजी प्रकाशकाने आरंभीच घेतली, तर तेच पुस्तक छापता येते, ऐकता येते आणि बोटांनीही वाचता येते.