वाकलेली कंबर आणि मर्दन

लातूरकडे आश्विनात सोयाबीनची कापणी लागली, अथवा नांदेडकडे दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी भरात आली, म्हणजे सायंकाळी घरोघर एकच तक्रार ऐकू येते : कंबर धरली, मान आखडली, सकाळी ताठ उभे राहवत नाही. ह्यावर तेल लावून अंग रगडण्याचा उपाय आपल्याकडे परंपरागत आहे. तो कितपत खरा व कोठे अपुरा, एवढाच विचार आम्ही येथे करणार आहो.

बकरे सोलताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांस मांसावरील पांढुरके, चिवट पटल ठाऊक असेल. मोसंबीच्या फोडीफोडीस जसे पटल असते, तसेच हे माणसाच्या प्रत्येक स्नायूस वेढून असते आणि मस्तकापासून तळपायापर्यंत अखंड जोडलेले असते. डॉक्टर ह्यास फॅशिया म्हणतात. त्याच्या थरांमध्ये बुळबुळीत द्रव असतो. त्यामुळे थर एकमेकांवरून घसरतात व आपणांस वाकता-वळता येते. तासन्‌तास एकाच स्थितीत वाकून राहिल्यास ही घसरण मंदावते, स्नायू आवळून बसतात, आणि उभे राहताना पाठ लाकडासारखी वाटते. (दफ्तरावर मान घालून नोकरी केलेल्या आम्हा कारकून मंडळींसही हे दुखणे चुकलेले नाही.)

चरकसंहितेत अभ्यंगाचे गुण सांगताना मडके, चामडे आणि गाडीचा आख ही उदाहरणे दिली आहेत : तेल मिळाले म्हणजे ह्या वस्तू जशा बळकट होऊन ताण सोसतात, तसे शरीरही सोसते. आखाला वंगण घालणाऱ्यास हे निराळे समजावून सांगावयास नको. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९६९ साली ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब मिळविला. अशा मल्लांच्या ह्या मुलखात जोर-बैठकांनंतर एकमेकांचे अंग रगडण्याचा तालमीतील परिपाठ जुनाच आहे. अमेरिकेत आयडा रॉल्फ (१८९६–१९७९) ह्या विदुषीने ह्याच पटलावर हाताने दाब देऊन शरीराची ठेवण सुधारण्याची पद्धती बसविली. रसायनशास्त्रात पदवी घेतलेल्या ह्या बाईंनी दहा बैठकांचा क्रमही ठरवून दिला होता.

तथापि हाताने दाबून हे पटल कायमचे लांब होते, ही समजूत आता टिकत नाही. मांडीवरील जाड पटल इतके चिवट असते की ते ताणण्यास लागणारे बळ सामान्य हातात नसते. मर्दनाने जो आराम पडतो, तो बहुतांशी मज्जातंतूंच्या द्वारे स्नायू सैल पडल्याने, व तो काही काळच टिकतो. तो काळ मात्र मोलाचा असतो. कारण त्यातच हातपाय मोकळे करणे सोपे जाते.

रीत साधी आहे. आपल्याकडे पिकणाऱ्या करडईचे तेल कोमट करावे. मणक्याच्या हाडांवर दाब न देता त्यांच्या दोन्ही अंगांस तळव्याच्या टाचेने सावकाश, खालून वर चोळीत जावे. नंतर मांडीचा मागील भाग व पोटऱ्या चोळाव्या, कारण कंबर आखडते तेव्हा तेही आखडलेले असतात. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. चोळून घेणाऱ्याचा श्वास अडकू लागल्यास दाब अधिक झाला असे समजावे. त्यानंतर लगेच निजू नये. अंगणात चार फेऱ्या घालाव्या, हात वर करून ताठ व्हावे.

उसण भरली असता पायाळू माणसाकडून पाठीस पाय लावून घेण्याची चाल आपल्या गावांतून आहे. नुसता पाय लावल्याने बाध होणार नाही. परंतु पाठीवर उभे राहणे, मान कडकन वळविणे हे प्रकार आम्हांस सर्वथा नापसंत आहेत. पायास मुंग्या येऊन बळ जाणे, लघवी अथवा शौचावरील ताबा सुटणे, बारीक ताप व वजन घटून रात्रीही पाठ दुखणे, पडल्यानंतर दुखू लागणे, ह्यांपैकी काहीही दिसल्यास तेलाची वाटी बाजूस ठेवून नांदेड अथवा लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. मणक्याचा क्षय चोळल्याने बरा होत नाही, आणि ताबा सुटलेल्या रोग्याच्या बाबतीत एक दिवसाचा विलंबही पाय कायमचे नेऊ शकतो.

आता मुळाकडे. कॅलिफोर्नियात मजुरांना आखूड दांड्याच्या कुदळीने दिवसभर ओणवे राहून काम करावे लागे. पाठी कायमच्या निकामी होतात हे सिद्ध झाल्यावर १९७५ साली त्या हत्यारावर बंदी आली. आपले खुरपे व विळा ह्याच जातीचे. निंदणीस जेथे लांब दांड्याचे सायकल कोळपे चालते, तेथे ते चालवावे. कापणीत तशी सोय थोडी. परंतु गुत्त्याने एकराचा भाव ठरला की बाया पात संपली तरी मान वर करीत नाहीत, कारण उभे राहिलेला प्रत्येक क्षण त्यांच्याच मजुरीतून जातो. म्हणून प्रत्येक पातीच्या शेवटी दोन मिनिटे ताठ उभे राहण्याचा वेळ गुत्ते ठरवितानाच भावात धरावा, आणि तो मालकाने मुकादमास सर्वांदेखत सांगावा.