टायर झिजतो, पण ते रबर जातं कुठे?

टायर गुळगुळीत झाला की आपण गॅरेजमध्ये जातो, नवा टाकतो, विषय संपला. पण झिजून गेलेलं रबर कुठे गेलं? त्याची बारीक भुकटी रस्त्यावर पडते आणि पाऊस आला की गटारातून ओढ्यात जाते. हा प्रश्न माझ्या डोक्यात घुसला तो अमेरिकेतल्या एका माशामुळे.

वॉशिंग्टन राज्यात सिॲटल शहराच्या आसपास कोहो सॅमन नावाचा मासा आहे. ओढ्यात जन्मतो, समुद्रात जातो आणि साधारण तीन वर्षांचा झाला की अंडी घालायला पुन्हा ओढ्यात येतो. अंडी घातल्यावर तो तसाही मरतोच. पण शहरातल्या ओढ्यांत तो त्याआधीच मरत होता. पाऊस झाला की मासे पृष्ठभागावर गोल गोल फिरायचे, तोंड उघडून धडपडायचे आणि काही तासांत खलास. काही ओढ्यांत परत आलेल्यांपैकी ४० ते ९० टक्के मासे असे गेले. माद्यांच्या पोटात अंडी तशीच! गंमत म्हणजे त्याच पाण्यात त्याचा भाऊबंद चम सॅमन ठणठणीत राहायचा.

संशय बऱ्याच गोष्टींवर होता: धातू, तेल, कीटकनाशकं. मग शास्त्रज्ञांनी टायरचे तुकडे पाण्यात भिजवून ते पाणी तपासलं, तर कोहो मेले. पण त्या पाण्यात २,००० पेक्षा जास्त रसायनं! मग पाण्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग माशांवर तपासायचा, विषारी निघेल त्याचे पुन्हा भाग पाडायचे. शेवटी एकच रसायन उरलं. त्यात १८ कार्बन, २२ हायड्रोजन, २ नायट्रोजन आणि २ ऑक्सिजन. पण टायरमध्ये काय काय घालतात त्या यादीत असं काही नव्हतंच.

इथे झेन्यू तियान या संशोधकाच्या डोक्यात ट्यूब पेटली. टायरमध्ये ६पीपीडी घालतात. त्यातही १८ कार्बन आणि २ नायट्रोजन, फक्त हायड्रोजन २ जास्त आणि ऑक्सिजन नाही. म्हणजे हे रसायन कारखान्यात कोणी बनवलंच नव्हतं, ते रस्त्यावर तयार होत होतं! डिसेंबर २०२० मध्ये हा शोध 'सायन्स' मासिकाने छापला.

आता ६पीपीडी टायरमध्ये घालतात कशाला? हवेतला ओझोन रबराला तडे पाडतो. ६पीपीडी हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि रबराच्या आधी स्वतःच ओझोनशी भिडतं. थोडक्यात, टायरचा बॉडीगार्ड. या झटापटीतून जे तयार होतं ते ६पीपीडी-क्विनोन. ते नुसतं काढून टाका म्हणणं सोपं आहे, पण तडे गेलेला टायर हायवेवर फुटला तर माणसं मरतील. म्हणूनच हे प्रकरण अवघड आहे.

विष किती जहाल? एक लिटर पाण्यात साधारण ९५ नॅनोग्रॅम असलं तरी निम्मे कोहो मरतात. हिशोब केला तर एक ग्रॅम विष सुमारे एक कोटी लिटर पाण्याला पुरतं. म्हणजे दहा हजार लिटरचे हजार टँकर.

आणि हो, 'मी ईव्ही घेतली, आता प्रदूषण शून्य' असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबा. धूर गेला हे खरं, पण टायर तोच. बॅटरीचं वजन जास्त आणि पिकअपही जोरदार, त्यामुळे झीज कमी होईलच असं नाही.

२०२३ मध्ये तिथल्या तीन आदिवासी जमातींनी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेकडे ६पीपीडीवर बंधनं आणण्याची मागणी केली आणि संस्थेने ती विचारात घेतली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने टायर कंपन्यांना पर्याय शोधायला लावलं. त्याला वेळ लागणार. तोवर एक साधा उपाय हाताशी आहे. २०१५ मध्येच एका प्रयोगात हेच रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून कोहोंना दिलं होतं. न गाळलेल्या पाण्यातले मासे मेले, गाळलेल्या पाण्यातले सगळे जगले.