मधाने केस सोनेरी होतात?

दोस्तांनो, पूर्णगडला मुचकुंदी नदी समुद्राला मिळते. तिथे दिवसभर उन्हात हुंदडलात, तर केसांची टोकं हळूहळू तांबूस होतील. कारण उन्हाने केसांतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य विरतं.

मधात पाणी घातलं, की त्यातल्या एका विकरामुळे किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. हे रसायन रंग उडवतं. पण मधातलं प्रमाण इतकं कमी, की गॅदरिंगपर्यंत काळेभोर केस सोनेरी होणं कठीणच! मध तापवलात तर विकरही निकामी.

लिंबू चोळून उन्हात मात्र मुळीच बसू नका, कातडीवर फोड येऊ शकतात. शिवाय रंग उडालेला केस आपोआप काळा होत नाही. नवा उगवावा लागतो.

त्यापेक्षा डोक्याला खोबरेल लावा. आणि मध? तो आंबोळीवर घ्या!