घशाची गोळी चघळण्याआधी

फेब्रुवारी लागला की वसमत, औंढा, कळमनुरीच्या शिवारात हळद काढणीला येते. हळकुंडं शिजवायची, पंधरवडाभर उन्हात वाळवायची आणि मग ड्रममध्ये फिरवून पॉलिश करायची. पॉलिशच्या वेळी उठणारी पिवळी धूळ पापण्यांवर, केसांत, नाकात बसते आणि तिथून घशात उतरते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हिंगोलीच्या बाजारात हंगामात हळदीची मोठी उलाढाल होते. पण त्या धुळीत दिवसभर उभं राहणाऱ्यांच्या घशाची चौकशी फारशी कुणी करत नाही. पहाटेचा गारठा, दुपारचं ऊन, वरून ही धूळ. संध्याकाळी माणूस मेडिकलवर जातो आणि म्हणतो, ‘घसा धरलाय, चघळायची एखादी गोळी द्या.’

ही मागणी अगदी साधी वाटते. मात्र चघळायच्या गोळ्या एका जातीच्या नसतात. त्यातल्या काही गोळ्यांमध्ये खरं वेदनाशामक औषध असतं, आणि ते ठाऊक नसलं की गडबड होते.

गोळी कोणती, ते पाकीट सांगतं

पानटपरीवर बरणीतून सुटी मिळते ती पेपरमिंट किंवा आल्याची गोळी म्हणजे बहुतांशी साखर. चघळल्यावर लाळ सुटते, घसा ओला राहतो, खवखव थोडी कमी होते. तेवढंच तिचं काम, आणि ते काही वाईट काम नाही. दुसरी जात जंतुनाशक गोळ्यांची. त्यांच्या वेष्टनावर अमायलमेटाक्रेसॉल आणि डायक्लोरोबेंझिल अल्कोहोल अशी लांबलचक नावं असतात. काही गोळ्यांत बेंझोकेनसारखं बधिर करणारं औषध असतं. ती चघळल्यावर जीभ जड वाटते. अशा वेळी लगेच कढत चहा घेतला तर तोंड भाजलेलं कळतही नाही.

सुजेवरची गोळी ही यापेक्षा वेगळी. तिच्यावर फ्लर्बिप्रोफेन ८.७५ मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं. हे औषध आयब्युप्रोफेनच्याच कुळातलं. बेंझिडामाइन हेही सूज-दुखीवरचंच औषध. आपल्याकडे ते गुळण्या करायच्या द्रवाच्या रूपात अधिक दिसतं. त्याने तोंड थोडं बधिर होतं, पहिल्यांदा झोंबतंही. ते गिळायचं नसतं, गुळणी करून थुंकायचं असतं.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की कात्रीने कापलेली एक-दोन गोळ्यांची पट्टी घ्यायची असेल तर नाव आणि मुदत लिहिलेला तुकडा मागून घ्या. वाचता येत नसेल तर दुकानदाराला सरळ विचारा: ‘यात दुखण्याचं औषध आहे का?’

सूज उतरते ती कशी

घशाला विषाणूची लागण झाली की शरीर तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतं. त्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, घसा लाल होतो, सुजतो आणि दुखण्याच्या नसा हळव्या होतात. मग साधी थुंकी गिळतानाही टोचतं. ॲस्पिरिनसारखी औषधं हीच रसायनं तयार होऊ देत नाहीत, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी होते. फ्लर्बिप्रोफेनची गोळी तेच काम घशात, जागच्या जागी करते. अर्ध्या तासात फरक जाणवू लागतो आणि तो चार-सहा तास टिकतो.

प्रोस्टाग्लँडिन फक्त दुखणं देत नाहीत, हेही इथेच सांगायला हवं. जठराच्या आतल्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करणं आणि मूत्रपिंडाला रक्ताचा पुरवठा नीट राखणं ही कामंही त्यांचीच. त्यामुळे औषध रक्तात गेलं की दुखण्यासोबत या राखणीवरही घाला पडतो. चघळलेल्या गोळीचं औषध लाळेबरोबर पोटात आणि तिथून रक्तात जातंच. मात्रा लहान असते हे खरं: सांधेदुखीसाठी फ्लर्बिप्रोफेनच्या गिळायच्या गोळ्या दिवसाला दीडशे-दोनशे मिलिग्रॅमपर्यंत देतात आणि चघळायच्या पाच गोळ्यांचे चव्वेचाळीससुद्धा भरत नाहीत. धडधाकट माणसाने घाबरण्याचं कारण नाही. पण ही गोळी बहुतेक वेळा एकटी नसते.

दिवसभरात पोटात काय काय गेलं?

हळदीच्या कामाला जाणारी बाई सकाळी कंबरदुखीची एक गोळी घेऊन निघते. ती गोळी बहुतेक ॲसिक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅकची असते. दुपारी अंग मोडून आलं म्हणून गावातल्या दवाखान्यातून कागदाच्या पुडीत तीन-चार रंगीत गोळ्या मिळतात; त्यांची नावं कुणी सांगत नाही. त्यात आणखी एक वेदनाशामक असू शकतं, कधी स्टेरॉइडही असू शकतं. संध्याकाळी घशाची गोळी. तिला वाटतं, आपण तीन वेगवेगळ्या दुखण्यांची तीन वेगळी औषधं घेतली. शरीराच्या हिशेबात मात्र ते एकाच जातीचं औषध तीनदा झालेलं असू शकतं. स्टेरॉइडची भर पडली तर जठरात व्रण होण्याचा आणि रक्तस्राव होण्याचा धोका आणखी वाढतो. शौच डांबरासारखं काळं झालं, तर ती पोटात रक्त वाहत असल्याची खूण असू शकते.

त्यात ऊन. मार्चच्या शेवटाला मराठवाड्यात ऊन तापतं. शेतात प्यायला पाणी कमी आणि आडोसा नाही म्हणून बायका पाणी पिणंही टाळतात. अंगातलं पाणी आटलेलं असताना ही औषधं घेतली तर मूत्रपिंडावर ताण येतो. रक्तदाबाची गोळी आणि लघवी होण्याची गोळी दोन्ही चालू असतील तर हा ताण जास्तच. या औषधांची ही बाजू आपल्याकडे फार कमी सांगितली जाते, आणि म्हणून मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

सोपा मार्ग असा: त्या दिवशी अंगदुखीची किंवा सुजेवरची कुठलीही गोळी पोटात गेली असेल, तर घशासाठी फ्लर्बिप्रोफेन नको. पॅरासिटामॉल, कोमट पाणी आणि साधी गोळी यांवर भागवा. पॅरासिटामॉलही सर्दी-तापाच्या अनेक संयुक्त गोळ्यांत आधीच घातलेलं असतं, तेवढं पाहून घ्या.

घ्यायची रीत

फ्लर्बिप्रोफेनची एक गोळी तोंडात ठेवून हळूहळू विरघळू द्यायची. चावायची नाही, अख्खी गिळायचीही नाही. तोंडात ती सतत फिरवत राहायची. एकाच गालात दाबून ठेवली तर तिथली त्वचा जळजळते, क्वचित फोड येतो. तंबाखूची गोळी गालात धरण्याची सवय असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. पुढची गोळी तीन ते सहा तासांनी, तीही गरज असेल तरच. चोवीस तासांत पाचाच्या वर नाही आणि सलग तीन दिवसांच्या पुढे नाही. तीन दिवसांत उतार पडला नाही तर दुसरं पाकीट आणू नका, डॉक्टरांकडे जा. झोपताना गोळी तोंडात ठेवून आडवं होऊ नये, ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

मधुमेह असलेल्यांनी साखरेचा हिशेब करावा. यातल्या बऱ्याच गोळ्यांत प्रत्येकी दोन-अडीच ग्रॅम साखर असते.

कुणी दूरच राहावं

पोटात अल्सर असेल किंवा पूर्वी होऊन गेला असेल, मूत्रपिंड, यकृत किंवा हृदयाचा मोठा विकार असेल, तर ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. रक्त पातळ ठेवायचं औषध, म्हणजे वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल किंवा हृदयासाठी रोजची लहान ॲस्पिरिन, चालू असलेल्यांनीही नाही. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनने दम्याचा झटका येतो. त्यांना याही गोळीने येऊ शकतो. दारू घेतली असेल त्या दिवशी तर नकोच.

गरोदर बाईने ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. विसाव्या आठवड्यानंतर या जातीच्या औषधांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होऊ शकते. आशाताईंच्या भेटीत हा प्रश्न जरूर विचारावा.

पावसाळ्यानंतरच्या तापाचं वेगळं. डेंग्यूचा संशय असेल तेव्हा आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांची सगळी भावकीच टाळायची असते, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. फ्लर्बिप्रोफेन त्याच भावकीतलं. डेंग्यूच्या सुरुवातीला घसाही दुखू शकतो, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात तापासोबत घसा धरला तर आधी रक्त तपासा.

लेकरांच्या बाबतीत

बारा वर्षांखालच्या मुलांना फ्लर्बिप्रोफेनची गोळी नाही. चार-पाच वर्षांच्या आतल्या पोराला तर कुठलीच कडक चघळायची गोळी देऊ नका. ती घशात अडकून श्वास कोंडतो. मोठ्यांची गोळी अर्धी करून देण्याची सवय आपल्याकडे आहे आणि ती घातक ठरू शकते. वेदनाशामकांच्या बाबतीत सरकारलाही वयाची रेघ ओढावी लागली आहे: निमेसुलाइड हे औषध २०११ मध्ये भारतात बारा वर्षांखालच्या मुलांसाठी बंद केलं गेलं. घशासाठी म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही नको. मधातून येणाऱ्या एका जंतूमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

सप्ताहातले घसे

संत नामदेवांचं नर्सी नामदेव ज्या जिल्ह्यात आहे तिथे घशाविषयी लिहायचं आणि गाणाऱ्यांना वगळायचं, हे जमणार नाही. अखंड हरिनाम सप्ताहात काकडा पहाटे, हरिपाठ संध्याकाळी, रात्री कीर्तन आणि नंतर जागर. टाळकऱ्यांचा घसा तिसऱ्या-चौथ्या दिवशी बसतो. मग गोळी तोंडात ठेवून पुन्हा उभं राहायचं. इथे थोडं थांबावं. दुखणं हा घशाचा निरोप असतो. स्वरतंतू सुजलेले असताना दुखणं दाबून वरच्या पट्टीत गायलं, तर तंतूंना इजा होते आणि आवाज आठवडेच्या आठवडे परत येत नाही. चघळलेली गोळी स्वरतंतूंपर्यंत थेट पोहोचतही नाही. लाळ अन्ननलिकेत उतरते, स्वरयंत्र त्या वेळी झाकलेलं असतं. बसलेल्या आवाजाला लागतो तो गप्प बसण्याचा दिवस, भरपूर पाणी आणि वाफ. कुजबुजणंही नको, त्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो. आणि आवाज तीन आठवड्यांनंतरही घोगराच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आतून पाहायला हवं.

घरातले उपाय

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चारदा गुळण्या, यात हानी काहीच नाही आणि आराम आहे. हळद-दुधाने घसा शेकतो, झोप लागते. आपल्याच शिवारातली हळद आहे, जरूर प्यावं. पण हळदीच्या दाट अर्काच्या कॅप्सूल रक्त पातळ करायच्या औषधासोबत नकोत. ज्येष्ठमध उत्तम आहे. शस्त्रक्रियेच्या आधी त्याच्या गुळण्या केल्यावर नंतरचं घसा दुखणं कमी होतं, हे भारतीय भूलतज्ज्ञांनी पाहिलं आहे. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र काडी दिवसभर चघळू नये. ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं.

धुळीने घसा धरला असेल तर गोळीच्या आधी धूळ अडवली पाहिजे. पॉलिशच्या ड्रमजवळ वारा पाठीमागून येईल असं उभं राहा, नाका-तोंडावर नीट बसणारा मास्क लावा. पदर किंवा रुमाल मोठे कण अडवतो, बारीक धूळ त्यातून आत जातेच.

गोळी ठेवून उठायचं केव्हा

बहुतेक घसे विषाणूंमुळे धरतात आणि आठवडाभरात आपोआप मोकळे होतात. त्यांना अँटिबायोटिकचा उपयोग नाही. पण जोराचा ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेत दुखऱ्या गाठी आणि खोकला अजिबात नाही, असं असेल तर ते स्ट्रेप्टोकोकस जंतूचं काम असू शकतं. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये याच घशातून पुढे संधिवाताचा ताप येऊ शकतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य अँटिबायोटिक सुरू झालं तर हे टळतं. सुजेवरच्या गोळीने ताप आणि दुखणं दबलं, की घरच्यांना वाटतं पोर बरं झालं, आणि हे नऊ दिवस निघून जातात.

घशात राखाडी, चिकटलेला पापुद्रा दिसला तर तो घटसर्प असू शकतो. लसीकरण अर्धवट राहिलेल्या मुलांकडे, विशेषतः ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला गेलेल्या कुटुंबांतल्या, इथे जास्त लक्ष द्यावं. थुंकी गिळता येत नाही, लाळ गळते, तोंड उघडत नाही, श्वास घेताना आवाज येतो, यांपैकी काहीही दिसलं तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. गोळी घेतल्यावर ओठ-चेहरा सुजला, अंगावर पित्त उठलं किंवा दम लागला तरीही तेच.

तंबाखू-गुटखा खाणाऱ्या माणसाचा घसा एकाच बाजूने दुखत असेल, कळ कानापर्यंत जात असेल आणि तीन आठवड्यांत थांबत नसेल, तर त्याने जिल्हा रुग्णालयात तोंड-घसा तपासून घ्यावा. जाताना चघळलेल्या गोळ्यांची रिकामी पट्टी आणि दवाखान्यातून मिळालेली पुडी, दोन्ही सोबत न्यावीत.